१९३१चा 'फ्रँकेन्स्टाईन': टीव्हीवरचा आणि मुळातला

तुमचे प्रश्न आधी एकत्र मांडतो. तुम्ही क्लीव्हलंडला राहता. शनिवारी रात्री उशिरा टीव्हीवर १९३१चा 'फ्रँकेन्स्टाईन' लागला होता, तो पाहिलात. सिनेमाभर पार्श्वसंगीत नव्हतं, तेव्हा प्रसारणात काही गडबड होती का, हा एक प्रश्न. दुसरा असा, की शेजारचे आजोबा छातीठोकपणे सांगतात, या सिनेमात लहान मुलीला तळ्यात टाकल्याचं दृश्य नाहीच. लहानपणी त्यांनी तो टीव्हीवर कितीदा तरी पाहिलाय. तुम्हाला तर ते दिसलं. मग खरा सिनेमा कुठला? तिसरं, हा शास्त्रज्ञ 'वेडा' म्हणावा इतका वेडा वाटला नाही. आणि शेवटी, दहा वर्षांच्या मुलीला दाखवावा का.

माझी उमेदीची वर्षं संकलनाच्या टेबलावर गेली आणि आता मी तेच शिकवतो, त्यामुळे तळ्याचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. तिथूनच सुरू करतो.

आजोबा खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेल्या प्रिंटमध्ये ते दृश्य अर्धंच होतं. १९३१ मध्ये सिनेमा आला तेव्हा ते पूर्ण चित्रित केलेलं होतं, पण काही राज्यांच्या सेन्सॉर मंडळांनी तेव्हाच कात्री लावली. पुढे १९३४ पासून पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली. १९३८ मध्ये युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीनं 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाईन' एका तिकिटात पुन्हा लावले, त्याआधी संहितेच्या कचेरीचं समाधान होईल अशा बेतानं सिनेमा कापला गेला. ही काटछाट एखाद-दुसऱ्या प्रिंटवर भागली नाही, ती मूळ निगेटिव्हवरच झाली. त्यामुळे नंतर टीव्हीसाठी निघालेल्या प्रती सगळ्या तशाच कापलेल्या. तळ्याच्या दृश्याचा गेलेला तुकडा १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये सापडला आणि १९८६च्या व्हिडिओ आवृत्तीत परत जोडला गेला. म्हणजे १९५७ ते साधारण १९८५ या काळात अमेरिकेत ज्यानं कुणी हा सिनेमा टीव्हीवर पाहिला, त्यानं तळ्याचा शेवट पाहिलेलाच नाही.

आता काय कापलं ते बघा. मारिया नावाच्या त्या लहान मुलीला तिचा बाप तळ्याकाठी सोडून कामाला जातो. झुडपांतून मॉन्स्टर येतो, म्हणजे शास्त्रज्ञ हेन्री फ्रँकेन्स्टाईननं प्रेतांचे तुकडे जोडून घडवलेला जीव. आख्ख्या सिनेमात त्याला न घाबरणारी ही एकटी. ती त्याचा हात धरून त्याला काठावर नेते, फुलं देते, आणि फूल पाण्यावर टाकलं की होडीसारखं कसं तरंगतं ते दाखवते. तो टाकतो, तरंगतं. तो हसतो. मॉन्स्टर झालेल्या बोरिस कार्लोफचं हे हसू नीट बघा, एवढ्या मेणाच्या आणि रंगाच्या थरांखालून ते आलंय. मग त्याच्या हातातली फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे बघतो, मग मुलीकडे. तिला उचलतो आणि फुलासारखंच पाण्यात टाकतो. ती बुडते. त्याला कळतच नाही काय झालं. तो पाण्याकडे हात करतो, कावराबावरा होतो आणि धडपडत झाडीत पळून जातो.

कापलेल्या प्रतीत दृश्य कुठे संपायचं? तो मुलीकडे हात पुढे करतो तिथे. बस्स. नंतर थोड्या वेळानं थेट तिचा बाप तिचं कलेवर हातांवर घेऊन गावात शिरताना दिसतो. मधलं काही नाही. प्रेक्षकाचं मन अशी रिकामी जागा मोकळी ठेवत नाही, भरून टाकतं, आणि जे मनात येतं ते बुडण्याहून कितीतरी वाईट असतं. सेन्सॉरला मुलांच्या डोळ्यांपासून एक अपघात लपवायचा होता, आणि त्यांनी त्याचा गुन्हा करून ठेवला. दृश्याचा प्राण त्या उरलेल्या अर्ध्या मिनिटात आहे. ते गेलं की मॉन्स्टर निव्वळ नराधम. ते राहिलं की तो एक अजाण जीव, ज्याला कुणी काही शिकवलेलं नाही. विद्यार्थ्यांना मी हे दोन्ही प्रकारे दाखवतो, आणि एका कटनं पात्राचं चारित्र्य बदलतं याचं याहून चोख उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

एक सांगायला हवं. मुलीला असं उचलून टाकणं खुद्द कार्लोफला पसंत नव्हतं आणि पुढे तो तसं बोललाही. दिग्दर्शक जेम्स व्हेल मात्र अडून बसला. माझं मत व्हेलच्या बाजूनं आहे. अलगद ठेवलं असतं तर फुलांचा खेळ पुढे चालू राहिलाच नसता.

बाप गावातून चालतो तो शॉटही सोडू नका. गावात हेन्री फ्रँकेन्स्टाईनच्या लग्नाचा जल्लोष चाललाय, लोक नाचताहेत. हा माणूस समोर कुठेतरी नजर लावून त्या गर्दीतून चालत राहतो आणि कॅमेरा त्याच्यासोबत सरकतो. तो पुढे येईल तसतसे नाचणारे थबकतात, त्याच्या मागून चालू लागतात. इथे फारसे कट नाहीत. कट टाळायचे कुठे हे ज्याला कळतं तो खरा दिग्दर्शक, असं मी समजतो.

संगीताचं उत्तर सोपं आहे. तुमच्या टीव्हीत काही बिघाड नव्हता. सुरुवातीच्या नामावलीवर बर्नहार्ड काउनचं संगीत आहे, आणि शेवटच्या नामावलीवरही संगीत आहे. मधल्या भागात गावकऱ्यांचा वाजंत्री-नाच सोडला तर संगीत जवळजवळ नाहीच. बोलपट येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. संवादांखाली सतत वाद्यवृंद वाजवण्याची रीत अजून पडायची होती. ती रुळली १९३३च्या 'किंग काँग' नंतर. पण ही उणीव 'फ्रँकेन्स्टाईन'ला मानवली, असं मी म्हणेन. पहिलंच दृश्य घ्या. दफनविधी चाललाय, घंटेचे ठोके, रडण्याचा आवाज, आणि मग शवपेटीवर पडणाऱ्या ढेकळांचा धप्प आवाज. खाली व्हायोलिनं असती तर तो धप्प आवाज तुम्हाला ऐकूही आला नसता. लोक पांगल्यावर हेन्री आणि त्याचा कुबडा मदतनीस फ्रिट्झ लगेच थडगं उकरायला लागतात. हेन्री मातीचं फावडं मागे भिरकावतो आणि ती माती मागे उभ्या असलेल्या मृत्यूच्या पुतळ्याच्या तोंडावर जाऊन पडते. संवाद नाही, कुणी तिकडे बोट दाखवत नाही. पुढच्या तासाभराची गोष्ट तिथे सांगून झालेली असते.

मॉन्स्टरचं पहिलं दर्शनही बिनसंगीताचं. आधी पावलं ऐकू येतात. दार उघडतं आणि तो पाठमोरा आत येतो. सावकाश वळतो. मग कट, थोडं जवळून. पुन्हा कट, आणखी जवळून, आता पडदाभर तो चेहरा. कॅमेरा पुढे सरकत नाही, नुसता उडी मारतो. त्या काळी असा धक्का टाळायची पद्धत होती. व्हेलनं मुद्दाम दिला. आज हाच प्रसंग कुणाला कापायला दिला तर तो पहिल्याच फ्रेमला झांजा वाजवेल आणि मजा घालवून बसेल.

हा चेहरा घडवला रंगभूषाकार जॅक पियर्सनं. त्याचा हिशोब सरळ होता. या शास्त्रज्ञाला मेंदू बसवायचाय, तर तो कवटीचं झाकण सपाट कापणार आणि पुन्हा बसवून आकडे मारणार. म्हणून डोकं चपटं. मानेतले बोल्ट म्हणजे वीज सोडायचे इलेक्ट्रोड. पापण्यांवर मेण, म्हणजे डोळे अर्धवट झाकलेले. गाल बसके दिसावेत म्हणून कार्लोफनं आपली दातांची कवळी काढून ठेवली. रंग हिरवट करडा लावलेला, कारण कृष्णधवल फिल्मवर तोच प्रेतासारखा फिका दिसतो. रोज साधारण चार तास या रंगभूषेत जात. आणि सुरुवातीच्या नामावलीत त्याच्या नावाच्या जागी काय? नुसतं प्रश्नचिन्ह.

जाता जाता, आपल्याकडचा एक धागा. बोरिस कार्लोफ म्हणजे लंडनचा विल्यम हेन्री प्रॅट. त्याच्या आईच्या आईची बहीण म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली ती प्रसिद्ध शिक्षिका. तिचा जन्म १८३१चा, अहमदनगरचा. ती मात्र जन्मभर वेल्सचं नाव सांगत राहिली. या सिनेमाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण नगरच्या माणसाला सांगितलं की तो खूश होतो.

मग हा सिनेमा मध्यरात्रीचा कसा झाला? १९३१ मध्ये तो चित्रपटगृहात बघायचा सिनेमा होता आणि त्यानं युनिव्हर्सलला भरपूर पैसा मिळवून दिला. रात्रीची वेळ त्याला टीव्हीनं चिकटवली. ऑक्टोबर १९५७ मध्ये कोलंबियाच्या स्क्रीन जेम्स या टीव्ही कंपनीनं युनिव्हर्सलचे ५२ जुने सिनेमे 'शॉक' या नावानं एकगठ्ठा स्थानिक केंद्रांना विकायला काढले. 'फ्रँकेन्स्टाईन' आणि 'ड्रॅक्युला' त्यातलेच. राष्ट्रीय नेटवर्कचे कार्यक्रम संपल्यावर रात्री अकरा-साडेअकरानंतरची वेळ केंद्रांना स्वतःच्या खर्चानं भरावी लागे, आणि जुना सिनेमा ही त्यातली स्वस्तातली सोय. म्हणजे भुतांचा आणि मध्यरात्रीचा जो मेळ आपण गृहीत धरतो, तो इथे तरी जमाखर्चातून जमलेला आहे. योगायोग असा की त्याच महिन्याच्या ४ तारखेला सोव्हिएत रशियानं स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. प्रयोगशाळेतून काहीतरी निसटलंय आणि आता ते आपल्या डोक्यावर फिरतंय, ही धास्ती त्या आठवड्यात अमेरिकेत घरोघर होती. माझा अंदाज एवढाच, की त्या हवेत हेन्रीची प्रयोगशाळा पंचवीस वर्षं जुनी वाटली नसेल. जेम्स व्हेलनं हे पुनरागमन पाहिलं नाही. तो त्याच वर्षी मे महिन्यात गेला.

केंद्रांनी सिनेमा नुसता दाखवला नाही, सोबत सोंग घेऊन सिनेमाच्या आधी-मधे बोलणारा सूत्रधार दिला. फिलाडेल्फियात जॉन झॅकर्ले हा 'रोलंड' बनून यायचा, पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कला गेला. त्याआधी १९५४ मध्येच लॉस एंजेलिसला 'व्हॅम्पायरा' ही अशीच सूत्रधार होऊन गेलेली. आणि तुमच्या क्लीव्हलंडला १९६३ ते १९६६ मध्ये एर्नी अँडरसनचा 'घूलार्डी'. खोटी दाढी, एक काच नसलेला चष्मा, आणि लागलेल्या सिनेमाची मनसोक्त टर. आजोबांना विचारा, घूलार्डीचं नाव काढताच त्यांची कळी खुलेल. ही मंडळी सिनेमाच्या मधेच स्वतःचे शॉट घुसवायची, त्यावर भलतेच आवाज टाकायची. संकलक म्हणून माझ्या अंगावर काटा येतो. तरी एक मान्य करतो: पडेल सिनेमांना त्यांनी जगवलं. चांगल्या सिनेमांचं मात्र नुकसान केलं, कारण 'फ्रँकेन्स्टाईन'मधल्या शांततेवरच सगळी भिस्त, आणि नेमकी तीच त्यांना सहन होत नसे.

टीव्हीनं एक फायदा नकळत करून दिला. केंद्रांकडे येणाऱ्या प्रती सोळा एमएमच्या, चौकट जुनी म्हणजे जवळजवळ टीव्हीच्याच आकाराची, त्यामुळे रुंद पडद्याच्या सिनेमांसारखं चित्र बाजूंनी कापावं लागलं नाही. प्रत धूसर, टीव्ही त्याहून धूसर. त्या धुरकटपणात स्मशानाचं आकाश खरंखुरं वादळी वाटे. तुम्ही पाहिलेली प्रत नव्यानं स्वच्छ केलेली असणार. तिच्यात पुन्हा स्मशानाचं दृश्य बघा: आकाशाला सुरकुत्या आहेत! तो रंगवलेला पडदा आहे आणि तो नीट ताणलेला नाही. पूर्वी लपायचं, आता लख्ख दिसतं. मला त्यात गैर वाटत नाही. व्हेल मूळचा नाटकवाला, आणि वाकड्या भिंती, उंचच उंच जिना, तिरप्या सावल्या हे सगळं जर्मन मूकपटांकडून घेतलेलं. हा सिनेमा वास्तवाचा आव आणतच नाही.

आता 'वेड्या' शास्त्रज्ञाकडे. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. कॉलिन क्लाइव्ह या नटानं रंगवलेला हेन्री फक्त एका रात्रीपुरता वेडा असतो. केनेथ स्ट्रिकफाडेननं बनवलेली ती ठिणग्या उडवणारी यंत्रं चालू होतात, टेबल साखळ्यांनी छतापर्यंत वर जातं, विजेत न्हाऊन खाली येतं, हात हलतो, आणि हेन्री 'जिवंत आहे, जिवंत आहे' म्हणत किंचाळत सुटतो. त्याला जोडून त्याचं एक वाक्य होतं: देव असणं म्हणजे काय ते मला आता कळलं. पुनःप्रदर्शनाच्या वेळी त्यावर मेघगर्जना चढवून ते दाबलं गेलं. आजोबांना ते कधीच ऐकू आलं नसेल. तुमच्या प्रतीत ते असणार.

पण ही एक रात्र सोडली तर हा माणूस कसा आहे? थकलेला, लग्न ठरलेला, बापाच्या धाकातला बड्या घरचा मुलगा. माझ्या मते सिनेमातली खरी भीती प्रयोगात नाही, प्रयोगानंतरच्या दिवसांत आहे. हेन्री छताची खिडकी उघडतो आणि मॉन्स्टर आयुष्यात पहिल्यांदा उजेड बघतो. दोन्ही हात वर करतो, उजेड हातात धरता येईल म्हणून. खिडकी बंद होते. तो हात पसरून हेन्रीकडे मागतो, दे ना परत. इतक्यात फ्रिट्झ पेटती मशाल घेऊन येतो, मॉन्स्टर बिथरतो, त्याला साखळदंड पडतात. नंतर हेन्री आजारी पडतो, घरी जातो आणि लग्नाच्या तयारीला लागतो. जीव निर्माण केला, आणि मग प्राध्यापक वाल्डमनच्या हवाली करून मोकळा झाला. वाल्डमन त्याला चिरायला निघतो. मॉन्स्टर दोन माणसं मारतो ती इथे, आणि दोन्ही वेळा तो कोंडलेला असतो. तळ्यावर तो पोहोचतो ते यानंतर, मोकळा, आणि कुणीतरी त्याचा हात धरतं.

याला छेद देणारी एक गोष्ट सिनेमात आहे आणि ती मला कायम खटकते. फ्रिट्झ महाविद्यालयात मेंदू चोरायला जातो, चांगल्या मेंदूची बरणी त्याच्या हातून फुटते, मग तो गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलतो. १८१८च्या मूळ कादंबरीत असलं काही नाही. मेरी शेलीचा जीव वाचायला शिकतो, मिल्टन वाचतो, आपल्या कर्त्याला तोंडावर जाब विचारतो. सिनेमानं त्याची वाचा काढून घेतली आणि वर बरणीची सबब दिली. मेंदूच वाईट म्हटल्यावर हेन्रीची जबाबदारी काय उरली? कार्लोफनं ही सबब अभिनयानं खोडून काढली. त्याच्या वागण्यात कुठेही गुन्हेगार दिसत नाही. दिसतं ते मार खाल्लेलं मूल. पटकथा एक सांगते आणि नट दुसरं, आणि लोकांनी नटाचं ऐकलं.

शेवटच्या पवनचक्कीबद्दल फार लिहीत नाही. जमाव, मशाली, आग, सगळं झकास. फक्त हेन्री वाचल्याचा तो गोड शेवट नंतर जोडलेला आहे, आणि तो जोडलेला कळतो.

मुलीचं म्हणाल तर दाखवा, पण सुट्टीच्या दिवशी दुपारी, पूर्ण प्रत, सूत्रधाराची थट्टा आणि जाहिराती मधे नसलेली. सत्तर मिनिटांचाच आहे, कंटाळणार नाही. मारिया मरते हे तिला आधीच सांगून ठेवा. अचानक समोर आलं तर पुढचा सिनेमा तिच्या डोक्यात जाणार नाही. फ्रिट्झ लटकलेला दिसतो तो क्षणही दहा वर्षांच्या मुलीला जड जाऊ शकतो. बाकी रक्त वगैरे काही नाही. तिला आवडला तर १९३५चा पुढचा भाग आहे, 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन', त्याच दिग्दर्शकाचा. त्यात मॉन्स्टर बोलायला शिकतो, आणि फ्रान्झ वॅक्समनचं भरपूर संगीतही आहे. मात्र त्याची सुरुवातीची काही मिनिटं आधी तुम्ही एकट्यानं बघून घ्या. गोष्ट त्या जळक्या पवनचक्कीपासूनच पुढे चालू होते, आणि तिथे मारियाच्या आईबापांचं जे होतं ते पहिल्या भागातल्या कुठल्याही दृश्याहून निर्दय आहे.